हौद, शेततळे आणि शेवाळ



होळी पेटली, की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते आणि अंगणातल्या टाक्याचे पाणी हिरवे होऊ लागते. पहिल्या गोष्टीची आपण काळजी करतो. दुसरीकडे मात्र 'चालायचेच' म्हणून पाहतो. टाके फारच हिरवे झाले, म्हणजे घरातली बाई ते उपसते, खराट्याने घासते आणि पुन्हा भरते. चार दिवस बरे जातात. आठव्या दिवशी तळाशी बोट लावून पाहावे, तर पुन्हा बुळबुळीत! ज्या गावी उन्हाळ्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येते, तेथे असे उपसून फेकलेल्या टाकीभर पाण्याची किंमत काय असते, हे मी सांगायला नको. डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायांना ते माहीत आहे.

आज मी या शेवाळाविषयीच बोलणार आहे. घरचे टाके, गोठ्यातला हौद, शाळेची टाकी आणि अलीकडे शिवाराशिवारांत झालेली प्लास्टिकच्या अस्तराची शेततळी, या सगळ्या ठिकाणी ते एकाच कारणाने वाढते. आणि आपण सगळीकडे एकच चूक करतो. शेवाळ दिसले, की आपण ते मारायचे औषध शोधतो. ते कशावर वाढले, हे पाहत नाही.

शेवाळ काही आकाशातून पडत नाही. आणि एका अर्थी पडतेही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर, गुरांच्या तोंडाबरोबर, पाखरांच्या पायांबरोबर पाण्यात येतच असतात. ते तुम्हाला अडवता येणार नाही. पण बी पडले म्हणून पीक येत नाही. पीक यायला ऊन हवे, ऊब हवी आणि खत हवे. शेवाळाला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. पण गव्हाच्या पानात जो हिरवा पदार्थ उन्हावर अन्न तयार करतो, तोच त्याच्यातही असतो. निळे-हिरवे शेवाळ म्हणून जे म्हणतात, ते शास्त्रज्ञांच्या हिशेबाने जिवाणूंच्या कुळात मोडते. पण त्याचेही पोट उन्हावरच भरते. तेव्हा त्याला आपण येथे वेगळे काढण्याचे कारण नाही.

याचा सर्वांत मोठा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे, निदान शाळेच्या सहलीत तरी. काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेले, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते खळगे. त्यात पाणी येते, पण बाहेर वाहून जात नाही. जे जाते ते वाफ होऊनच जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी झाले आहे. शास्त्रज्ञ आम्ल-अल्क मोजतात ते सामूच्या मापाने. साधे शुद्ध पाणी ७ वर असते, तर लोणारचे पाणी १० च्या आसपास. अशा पाण्यात आपल्या ओळखीच्या वनस्पती टिकायच्या नाहीत. पण स्पिरुलिना नावाचे निळे-हिरवे शेवाळ तेथे मजेत वाढते, आणि सरोवराला जो हिरवा रंग दिसतो तो मुख्यतः त्याचा. पुढे २०२० च्या जून महिन्यात तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा चहूकडे गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि मिठात वाढणाऱ्या रंगीत सूक्ष्मजीवांनी जोर केला होता. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पाण्याचा रंग हा पाण्याचा नसतो. त्यात कोण राहायला आले आहे, त्याचा असतो. आणि राहायला कोण येणार, हे आपण तेथे काय मांडून ठेवले आहे त्यावर ठरते.

लोणारचे सरोवर आपण झाकू शकत नाही, आणि झाकूही नये. घरचे टाके मात्र झाकता येते. शेवाळावरचे पहिले औषध झाकण हेच आहे, आणि ते फुकटात पडते. अंधारात शेवाळ वाढत नाही. जुनी बारव पाहा. सिंदखेडराजाला पुतळा बारव आहे. तिच्या पायऱ्या उतरून गेले, की ऊन मागे राहते आणि सावली पुढे येते. खोल विहिरीत किंवा बारवेत सूर्य पाण्यावर येतो तो भर दुपारी, आणि थोडाच वेळ. उघड्या हौदावर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून असतो. म्हणून टाक्यावर पत्र्याचे, फळ्यांचे किंवा सिमेंटच्या फरशीचे घट्ट झाकण असू द्या. ताडपत्री टाकायची तर काळी टाका. पांढऱ्या, पातळ प्लास्टिकमधून उजेड आत जातो. छपरावरच्या प्लास्टिकच्या टाकीचेही तसेच आहे. टाकी पातळ आणि फिकट रंगाची असेल, तर झाकण लावूनही आत हिरवे होते. तिच्यावर बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर काळा रंग द्या. काळ्या रंगाने पाणी थोडे तापते हे खरे. वर सावली केली म्हणजे तेही भागते. झाकणाचा आणखी एक फायदा असा, की डासाला अंडी घालायला जागा राहत नाही.

दुसरे औषध म्हणजे खत तोडणे. तुम्ही म्हणाल, पाण्यात खत कोण घालतो? आपणच घालतो. टाक्याच्या कठड्यावर भांडी घासतो, राख आणि साबणाचे पाणी आत उडते. खरकट्या हाताने तांब्या बुडवतो. कडुनिंबाखाली टाके बांधतो, म्हणजे सावलीच्या लोभाने बारा महिने पाला आणि लिंबोळ्या आत. गोठ्यातल्या हौदाची तर गोष्टच सोडा. बैल कुटार खाता खाता तोंड बुडवतो, कुटार आणि लाळ पाण्यात राहते. हौदाला लागूनच शेणाचा सडा असतो, त्याचे शिंतोडे उडतात. हौदाची कड जमिनीपासून हातभर उंच असेल आणि भोवती दगडी फरशी असेल, तर निम्मे काम झाले.

हौद आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून ताठ काथ्याच्या ब्रशने घासा. नुसते पाणी उपसून भागत नाही, कारण शेवाळाचे घर भिंतीच्या खरबरीत सिमेंटात असते. घासल्यावर भिंती एक दिवस उन्हात कोरड्या करा. जे ऊन शेवाळाला वाढवते, तेच पाण्यावाचून त्याला वाळवते. आणि दर पंधरा दिवसांनी आतून चुन्याची सफेदी द्या. आपले वाडवडील देत असत. चुन्याच्या अंगी तीव्र अल्क असते, त्यात शेवाळाचा तंतू धरत नाही, भिंतीच्या भेगाही बुजतात. सफेदी पुरी वाळू द्यावी, पहिले पाणी भरून फेकावे किंवा झाडांना द्यावे, आणि मग गुरांसाठी भरावे. हौद दोन कप्प्यांचा असला, तर एक घासताना दुसऱ्यावर काम चालते. नवा बांधणारांनी हे ध्यानात ठेवावे.

आता पिण्याच्या पाण्याविषयी. ग्रामपंचायतीकडे जी टीसीएल पावडर असते, म्हणजे विरंजक चूर्ण, ती सर्वांना ठाऊक आहे. घरच्या टाक्यात किती घालायची, हे मात्र अंदाजाने चालते. आपल्याकडचे साधारण प्रमाण १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम. टाक्यात किती लिटर पाणी आहे, ते कसे काढावे? लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. टाके ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि पाणी ३ फूट, तर ७२ घनफूट. म्हणजे सुमारे २००० लिटर. त्याला १० ग्रॅम पावडर. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा १० ग्रॅम तोलून घ्या आणि ती घरच्या कोणत्या चमच्यात किती बसते ते पाहून ठेवा. तो चमचा मग स्वयंपाकाला वापरू नका. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, वर पाणी घाला, दहा मिनिटे निवळू द्या आणि वरचे निवळ तेवढे टाक्यात सोडा. हे काम संध्याकाळी करावे, कारण उन्हाने क्लोरीन उडून जातो. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी वापरायला हरकत नाही. पावडरीची पिशवी उघडी राहिली, तर तिचा दमही उडतो. ताज्या चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; पावसाळाभर ओलीत पडलेली पावडर ही बहुधा नुसती पांढरी माती. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा.

एक मात्र लक्षात घ्या. भिंतीला शेवाळाचा थर असताना पावडर घातली, तर क्लोरीन त्या शेवाळावरच खर्ची पडतो. रोगजंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी घासणे, मग पावडर. 'मास्तर, पानी खराब नाही, नुसतं हिरवं झालं,' असे मला पुष्कळदा ऐकावे लागते. त्यात अर्धे तथ्य आहे. साधे हिरवे शेवाळ पोटात गेले म्हणून लगेच पटकी होत नाही. पण ज्या टाक्यात शेवाळाने क्लोरीन खाऊन टाकला, त्या टाक्यात पटकीच्या जंतूला अडवणारे कोणी राहिले नाही.

आता मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी ती पुष्कळ घरी असते, आणि 'चिमूटभर टाक, शेवाळ साफ' असा सल्ला देणारा एक शहाणाही गावोगाव असतो. मोरचुदीने शेवाळ मरते, हे खरे आहे. मी स्वतः हा प्रयोग केलेला आहे, आणि तो सांगतो. आमच्या अंगणातल्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडलेले होते. हौद हिरवा झाला. मी कोणाला न विचारता मोरचुदीचे मूठभर खडे आत टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी निवळले, आणि त्या निवळ पाण्यावर गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते. पुढच्या पंधरवड्यात हौद डासांच्या अळ्यांनी वळवळू लागला. पुन्हा शेवाळ आले ते निराळेच. ताम्र हे माशांना फार थोड्या मात्रेतही विष आहे. १००० लिटरला ग्रॅमभर मोरचूद म्हणजे शेवाळासाठी पुरेशी मात्रा. मी किती पट टाकली असेन, याचा हिशेब आज करवत नाही. पिण्याच्या, गुरांच्या आणि माशांच्या पाण्यात मोरचूद टाकू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

यात आणखी एक धोका आहे. उन्हाळ्याच्या शेवटी साचलेल्या पाण्यावर कधी कधी हिरवा रंग सांडल्यासारखी साय येते. वाऱ्याने ती एका काठाला जमते, आणि तिला उग्र, कुजकट वास येतो. ती निळ्या-हिरव्या शेवाळाची साय असण्याचा संभव असतो. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. औषध टाकून ते एकदम मारले, तर पेशी फुटून विष पाण्यात उतरते, आणि उकळूनही ते जात नाही. अशा पाण्यावर जनावर नेऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका. हौद असेल तर सरळ उपसून मोकळा करा. तळे असेल तर जनावरांना दुसरीकडे पाणी पाजा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता शेततळ्याकडे वळू. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत महाराष्ट्रभर शेततळी झाली. कोणी अस्तर घातले, कोणी तसेच ठेवले. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि उतार एकास एक, अशा तळ्यात २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. टाक्याच्या हिशेबाने येथे पावडर घालायची झाली, तर ११ किलो लागेल. आणि उघड्या उन्हात, शेवाळाने भरलेल्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस राहणार नाही. म्हणजे येथे औषधाचा मार्ग जवळजवळ बंदच. मग काय करावे?

बांध उंच करून शेतातले खतमिश्रित पाणी थेट आत येऊ देऊ नये. पावसाचे पाणी घ्यायचेच असेल, तर तोंडाशी गाळ बसायला खड्डा करावा. बांधावर गुरे बांधू नयेत, खताची पोती ठेवू नयेत. जमेल त्याने वर शेडनेट ताणावे. खर्च आहे, पण त्याने ऊन अडते आणि वाफही कमी होते. खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकाला मानवत नाही आणि तळ्यातले गोडे पाणी हाच आधार, तेथे हा खर्च अंगावर येणार नाही, असे मला वाटते. तंतूंचे शेवाळ आले, तर दोघांनी दोन काठांवरून जुने जाळे ओढून ते एका कोपऱ्यात आणावे आणि बाहेर काढावे. ते बांधाच्या बाहेरच्या उतारावर, लांब टाका. आतल्या काठावर ठेवले, तर कुजून त्याचा रस पुन्हा पाण्यात जातो. उकिरड्यावर मात्र त्याचे चांगले खत होते. माशांचे बीज सोडणारे चंदेरा मासा सोडतात. तो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो, काही उपयोग होतो. पण माशांना बाहेरचे खाद्य भरमसाट घातले, तर त्याच खाद्याने पाणी पुन्हा हिरवे होते.

ठिबकवाल्यांची तक्रार वेगळी असते. त्यांच्या नळ्या तुंबतात. मोटारीचे शोषणतोंड तळाशी असेल तर गाळ ओढते, अगदी वर असेल तर शेवाळ. एका रिकाम्या बंद डब्याला बांधून ते पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगत ठेवा. वाळूचा फिल्टर बसवा आणि तो उलट्या पाण्याने वरचेवर धुवा. नळ्यांना आम्ल आणि क्लोरीन या दोन्ही प्रक्रिया करतात. त्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच करा, आणि दोन्ही कधीही एकत्र होऊ देऊ नका. विरंजक चूर्णावर आम्ल पडले, की विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो माणसाला पाडतो.

काही शेतांवर आता पाहुण्यांसाठी पोहण्याचे छोटे हौदही झाले आहेत. त्यांचे शास्त्र थोडे वेगळे. तेथे पाणी गाळत, फिरवत ठेवावे लागते, भिंती घासाव्या लागतात, आणि क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम सतत राखावा लागतो. सामू ७.२ ते ७.६ हवा. तो ८ च्या वर गेला, तर क्लोरीनचे बळ पावाहून कमी राहते. मग कितीही पावडर ओता, पाणी हिरवेच. ज्यांच्या बोअरचे पाणी अल्कधर्मी आहे, त्यांनी पावडरीला दोष देण्याआधी सामू मोजावा. माप घेण्याच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात.

पोहण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. आपण विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला वाळलेला भोपळा किंवा डबा बांधून. विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, वर कोणी मोठे माणूस उभे असे. अस्तराच्या शेततळ्याला यांतले काहीच नसते. प्लास्टिकचा उतार ओला झाला म्हणजे निसरडा असतो, त्यावर शेवाळाचा थर चढला म्हणजे साबणासारखा. ज्याला पोहता येते, त्यालाही त्यावरून वर चढता येत नाही. धडपडून थकतो आणि बुडतो. वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतात. तेव्हा तळ्याला चारी बाजूंनी कुंपण आणि कुलपाचे फाटक करा. चारही कोपऱ्यांत काठावरच्या खुंट्याला बांधून जाड दोर पाण्यापर्यंत सोडा, त्याला हातभर अंतराने गाठी मारा. ट्रकची जुनी हवा भरलेली ट्यूब दोरासह काठावर टांगलेली असू द्या. शेवाळ काढायला उतरायचे असेल, तर कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि काठावर दुसरा माणूस असल्याशिवाय उतरू नका.

शेवटी शिक्षकांसाठी एक प्रयोग. चार पारदर्शक बाटल्या घ्या. हौदाचे एकच पाणी चारहींत भरा. पहिली उघड्या उन्हात ठेवा. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून तिच्या शेजारी. तिसरीत युरिया आणि डीएपीचे दोन-दोन दाणे टाका आणि उन्हात ठेवा. चौथीतही तेवढेच दाणे टाका, पण ती काळ्या कागदात गुंडाळा. बुचे सैल लावा. दोन आठवडे मुलांना रोज पाहू द्या, गुंडाळलेल्या बाटल्या मात्र शेवटच्या दिवशीच उघडू द्या. कोणती आधी हिरवी झाली, कोणती झालीच नाही, हे मुलांनीच वहीत लिहावे. आणि मग शाळेच्या टाकीचे झाकण कुठे गेले, ते त्यांनाच शोधायला सांगावे. बाटल्यांवर तारीख आणि 'पिऊ नये' असे ठळक लिहायला विसरू नका.